वकीलबाईंच्या मापाचं घर

त्या ऑफिसातलं पाहुण्यांसाठीचं फर्निचर बघायला देखणं आणि बसायला वैताग होतं. पितळी पायांची उंचच उंच स्टुलं. त्यांवर बसलेला चांगला धडधाकट माणूसही लोंबकळत ठेवल्यासारखा दिसायचा. घरांची आतली सजावट करून देणाऱ्या या फर्मचे मालक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक फार आरामात बसलं की निर्णय घेत नाही.

वकीलबाई आत आल्या तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने सवयीने स्टूल पुढे केलं आणि लगेच जीभ चावली. वकीलबाईंची उंची जेमतेम साडेतीन फूट. स्टुलाची बैठक त्यांच्या छातीला लागत होती.

"मी उभीच बरी," त्या म्हणाल्या. "मी बसले काय नि उभी राहिले काय, तुम्हाला फारसा फरक कळणार नाही."

हसावं की न हसावं ते कुणाला समजेना. फक्त मागच्या टेबलावर एका ड्रॉवरला मोजपट्टी लावून बसलेली मुलगी खळखळून हसली आणि सरांनी डोळे वटारल्यावरही तिला ते आवरायला वेळ लागला.

वकीलबाईंनी तिच्याकडे बोट केलं. "माझं काम हिला द्या."

त्या मुलीला ऑफिसात इंची म्हणत. घरात तिचं नाव काही का असेना, इथे येऊन तिने पहिल्याच आठवड्यात एका कपाटाच्या दोन इंचांवरून सरांशी तासभर हुज्जत घातली होती, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. गळ्यात शिंप्यासारखी टेप असायची. तिला घराचे रंग, पडदे, दिवे यांत रस होता. पण खरा जीव होता तो माणूस आणि वस्तू यांच्यामधल्या अंतरात. कोपर कुठे टेकतं, गुडघा कशाला लागतो, झोपेतून उठताना हात पहिल्यांदा कुठे जातो.

"इंची?" नाव ऐकून वकीलबाई म्हणाल्या. "छान. नाव तुझं आणि अवस्था माझी."

काय हवंय ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता, आत अजून काहीच नव्हतं, नुसत्या भिंती. त्या भिंतींच्या आत त्यांना स्वतःच्या मापाचं घर हवं होतं. सगळंच्या सगळं.

दुसऱ्या दिवशी इंची माप घ्यायला त्यांच्या भाड्याच्या घरी गेली. दार उघडल्याबरोबर तिच्या लक्षात आलं, की या घरात माणूस एक आणि पायऱ्या अनेक. ओट्याशी एक लाकडी पाट, बेसिनखाली एक प्लॅस्टिकचं स्टूल, पलंगाशी एक, कपाटाशी घडीची शिडी, खिडकीशी जुन्या पुस्तकांचा गठ्ठा दोरीने बांधून केलेला चौथरा. वकीलबाई चहा करायला लागल्या तशी इंची दारात उभी राहून बघत राहिली. पाटावर चढायचं, गॅस लावायचा. उतरायचं, पाट सरकवायचा, चढायचं, साखर काढायची. उतरायचं. दोन कप चहाला त्या जितक्या चढल्या-उतरल्या तितक्यात एखादा माणूस गच्चीवर जाऊन आला असता.

"मागच्या वर्षी या पाटावरून पडले," त्या सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या. "खांदा निखळला. कोर्टात तारीख होती. हात गळ्यात बांधून गेले. समोरचा वकील म्हणाला, आज तरी पुढची तारीख घ्या. मी म्हटलं, जीभ शाबूत आहे."

मग इंचीने टेप काढली. बसल्यावर गुडघ्याखालची उंची. कोपर. उभं राहून हात वर केल्यावर बोटं पोचतात ती जागा. नजर. मुठीची रुंदी, कारण दाराची मूठ हातात मावायला हवी. वकीलबाई आधी चेष्टा करत होत्या, हळूहळू गप्प झाल्या.

"काय झालं? कंटाळलात?"

"नाही गं. आजवर माझी मापं दोघांनीच घेतली. शिंप्याने आणि डॉक्टरांनी. शिंपी म्हणायचा, कापड कमी लागेल. डॉक्टर म्हणायचे, अजून थोडं वाढायला हवं होतं." त्यांनी कोपर वाकवून बघितलं. "कोपर कुठे टेकवायला आवडेल, असं कुणी विचारलं नव्हतं."

इंचीने आराखडे केले. ओटा त्यांच्या कंबरेला, बेसिन त्याच उंचीला, दिव्यांची बटणं खांद्याशी, कपाटं लांबच लांब आणि बसकी, एकही फळी हाताबाहेर नाही. बैठकीच्या खोलीतली खिडकी इतकी खाली आणायची, की खुर्चीत बसून रस्ता दिसावा. फर्निचर सगळं हाताने घडवायचं, कारण तयार मालात मोठ्या माणसांचं मिळतं नाहीतर लहान मुलांचं, आणि लहान मुलांच्या खुर्च्यांवर हत्ती-ससे रंगवलेले असतात.

घडवणारे मिस्त्री सरांचीच कामं वर्षानुवर्षं करत होते. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. आराखडा बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"इंची मॅडम, हे बाहुलीचं घर आहे का?"

"वकीलबाईंचं आहे. त्यांच्यासमोर बाहुली म्हणून बघा, तुम्हाला कोर्टात उभं करतील."

मिस्त्री पुटपुटले, पण खुर्चीचा नमुना त्यांनी केला. इंचीच्या आग्रहाने आधी खुर्चीच करायची ठरली होती. सागवानाची, पाठ किंचित कललेली, हात रुंद, कडा इतक्या घोटलेल्या की कुठे बोट अडू नये. वकीलबाई शेडमध्ये आल्या, भुशातून वाट काढत खुर्चीपर्यंत गेल्या आणि वळून बसल्या. चढल्या नाहीत, उडी मारली नाही. नुसत्या बसल्या.

त्यांची दोन्ही पावलं जमिनीवर टेकली होती.

त्यांनी खाली बघितलं. पावलं उचलली, परत टेकवली. टाच दाबून बघितली. शेडमध्ये करवत चालू होती ती मिस्त्रींनी हात करून बंद करायला लावली.

"खुर्चीत बसल्यावर माणसाला असं वाटतं होय!" वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्चीच्या रुंद हातांवरून तळवे फिरवले. मग लगेच म्हणाल्या, "आता कळलं न्यायाधीशांना झोप का येते ते."

मिस्त्रींनी त्या दिवसापासून बाहुलीचं घर म्हणणं बंद केलं.

काम सुरू झालं. आणि एका सकाळी इंची फ्लॅटवर पोचली, तर ओट्याच्या भिंतीवर नव्या रेघा मारलेल्या. तिच्या रेघांच्या वर, चांगल्या हातभर वर.

"हे कुणी केलं?"

मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाले, "सरांचा फोन होता. सगळं नेहमीच्या उंचीला घ्या म्हणाले. नवे आराखडेही पाठवलेत. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

इंचीला काही माहीत नव्हतं. ती तशीच ऑफिसात गेली. सरांच्या केबिनमध्ये एक उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ बसले होते. सर उत्साहात होते. "ये, ये. हे वकीलबाईंचे मोठे बंधू. आपले जुने स्नेही. त्यांनीच बहिणीला आपल्याकडे पाठवलं."

टेबलावर नवे आराखडे पसरले होते. इंचीने ते पाहिले आणि तिला मान्य करावं लागलं, की ते हुशारीने केले होते. ओटा सगळ्यांचा असतो तेवढाच उंच; पण खालच्या फळीला पायाने ढकललं की आतून पायरी बाहेर येणार. बेसिनखाली तसंच. कपाटांखाली तसंच. काम झालं की पायऱ्या गडप. बघणाऱ्याला कळणारही नाही.

"सोय झाली आणि घर नॉर्मल दिसलं," सर म्हणाले. "फोटो काय सुंदर येतील!"

"पण त्यांना पायऱ्या नकोत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

आता दादा बोलले. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळेच इंचीला जास्त राग आला. "बाळ, तू तिला चार महिने ओळखतेस. मी तिला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलंय. लोक कसे बघतात, काय बोलतात, ते मी ऐकलंय. उद्या कुणी घरी आलं, तर ते तिचं घर बघायला येणार की गंमत बघायला? आणि पुढे कधी विकायची वेळ आली, तर घेणार कोण?"

"राहणार त्या आहेत," इंची म्हणाली. "घेणाऱ्याचं घर मी का करू?"

"इंची," सरांचा आवाज चढला, "दादांना समजावायला तुला बोलावलेलं नाही. नवे आराखडे घे आणि साइटवर जा."

इंचीने टेबलावरचे कागद उचलले नाहीत. तिने फोन उचलला आणि तिथेच, दोघांच्या देखत, वकीलबाईंना लावला. "जरा ऑफिसात येता? तुमचं घर उंच होतंय."

वकीलबाई कोर्टातून थेट आल्या, काळ्या कोटातच. केबिनचं टेबल त्यांच्या हनुवटीला येत होतं. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पसरलेले आराखडे कडेने ओढले, जमिनीवर अंथरले आणि फरशीवर मांडी घालून वाचायला बसल्या. बराच वेळ वाचलं. सर आणि दादा आपापल्या खुर्च्यांत अवघडून त्यांच्या डोक्याकडे बघत राहिले.

"पायरी बरी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "आत-बाहेर होते. आवाजही होत नसेल."

"अजिबात नाही!" सर खूश झाले.

"दादा, हे तुझं डोकं?"

"तुझ्या भल्यासाठीच गं. चारचौघांत..."

"थांब. मी कोर्टात उभी राहते ना, तिथे मी माझा लाकडी चौथरा घेऊन जाते. रोज. स्वतः उचलून. कारण ते कोर्ट माझं नाही, सगळ्यांचं आहे. बँकेत चढते, बसमध्ये चढते, तुझ्या घरी जेवायला आले की चढते. तक्रार केली कधी?" त्या उठून उभ्या राहिल्या. "पण माझ्या घरात मी का चढू? सांग ना. माझ्याच घरात मी कुणाच्या उंचीला पोचायचं आहे?"

दादांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि पायरी लपवायची म्हणजे काय लपवायचं? मलाच ना?"

सरांनी घसा साफ केला. "मॅडम, भावनेच्या भरात निर्णय नको. या फर्मचं नाव आहे. आमच्या घरांना एक दर्जा आहे. कंबरेखालचा ओटा आणि गुडघ्याएवढ्या कपाटांवर मी माझं नाव लावू शकत नाही."

"नका लावू. मी माझं लावीन."

"मग आपला करार संपला समजा. पण आराखडे फर्मचे आहेत. मापं, कागद, सगळं इथेच राहील. ही मुलगी आमची नोकर आहे, ती ते बाहेर वापरू शकत नाही."

वकीलबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. कोर्टात ते हसू ओळखणारे लोक लगेच तडजोडीला तयार होत. सरांना ते माहीत नव्हतं.

"कागद ठेवा. पण माझ्या गुडघ्याच्या आणि कोपराच्या मापांवर तुमची मालकी कुठल्या कलमाखाली येते, तेवढं लिहून द्या. मला वाचायला आवडेल."

सगळ्यांच्या नजरा इंचीकडे वळल्या. ही नोकरी मिळाली तेव्हा तिच्या आईने शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं. या फर्ममधून बाहेर पडलेल्याला गावात दुसरा कुणी सहज घेत नसे, कारण सरांची ओळख सगळीकडे होती.

"मीही जाते, सर," ती म्हणाली. "तुमची घरं सुंदर असतात. पण ती कुणाची आहेत ते फोटोत कळत नाही."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र ती मध्येच थांबून मागे ऑफिसच्या दाराकडे बघत राहिली. वकीलबाईंनी तिचा हात धरला, म्हणजे मनगट. तेवढंच हाताशी होतं. "रडायचं असेल तर आत्ता रडून घे. नंतर कामं आहेत."

"रडू येत नाहीये. भूक लागलीये."

"मग तर तू वकील व्हायला हवी होतीस."

खरा प्रश्न मिस्त्रींचा होता. त्यांची निम्मी कामं सरांकडून येत. दुसऱ्या दिवशी इंची शेडवर गेली तेव्हा ते एका फळीला रंधा मारत होते. तिने झालं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

मिस्त्री रंधा मारत राहिले. लाकडाची पातळ वेटोळी त्यांच्या पायाशी पडत होती. "सरांचा सकाळीच फोन आला. म्हणाले, तिकडे गेलात तर इकडे विसरा."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, सर, तुमच्या त्या पितळी स्टुलांचे पाय दर वर्षी मीच बसवून देतो. आता दुसऱ्याला सांगा." त्यांनी फळी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघितली. "खुर्ची केली ना मी ती. बाई बसल्या तेव्हा त्यांचं तोंड तुम्ही बघितलंत, मीही बघितलं. आता मध्येच सोडून घरी जाऊन बायकोला काय सांगू?"

तरी काम सोपं गेलं नाही. ओटा खाली आला म्हणून सांडपाण्याच्या नळीला उतार मिळेना. प्लंबर दोनदा हात झटकून निघून गेला आणि तिसऱ्यांदा वकीलबाईंनी त्याला खुर्चीत बसवून असं काही उलटतपासलं, की तो मुकाट्याने भिंत फोडायला लागला. खाली वाकून काम करून मिस्त्रींची पाठ धरली. ते दिवसभर कण्हत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "उंच गिऱ्हाईकं बरी असतात बाबा, उभ्याने शिव्या देता येतात." इंची आणि वकीलबाईंचंही एकदा जोरदार भांडण झालं. इंचीला पुस्तकांचं कपाट छतापर्यंत हवं होतं, खोलीला शोभेल म्हणून. वकीलबाई म्हणाल्या, "वरची पुस्तकं कोण वाचणार, पाली?" दोन दिवस अबोला. मग इंचीने कपाट आडवं केलं, खोलीच्या चारही भिंतींना कंबरपट्ट्यासारखं फिरवलं, आणि ते इतकं छान दिसलं की तिने आपली मूळ कल्पना कधी काढलीच नव्हती असा आव आणला.

पाहुण्यांसाठी काही मोठ्या खुर्च्या कराव्यात का, यावरही खल झाला. वकीलबाई विचार करून म्हणाल्या, "करा. दोन. आणि माळ्यावर ठेवा."

"माळ्यावर? तिथे तर तुमचा हात..."

"माझा कशाला पोचायला हवा? ज्यांना लागतील त्यांचा पोचतो."

घर झालं. एका रविवारी दुपारी वकीलबाईंनी माणसं बोलावली. कोर्टातल्या दोन मैत्रिणी, दादा, वहिनी, मिस्त्री आणि त्यांची बायको, इंची आणि तिची आई. दार उघडलं आणि वकीलबाई कोपऱ्यात उभ्या राहून एकेकाचे चेहरे न्याहाळू लागल्या. आत येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा गोंधळत होता. खोली प्रशस्त होती, प्रकाश खिडकीतून थेट जमिनीवर सांडत होता, सागवानाचा वास होता, आणि सगळं असं काही एकमेकांना धरून होतं की बेडौल होत्या त्या फक्त उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या आकृत्या.

वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, मला तर मीच ताडासारखी वाटायला लागले."

दादा आले ते दारातच थबकले. केबिनमधल्या त्या दिवसानंतर भाऊ-बहीण कामापुरतंच बोलले होते. त्यांनी कोचावर बसायचा प्रयत्न केला. गुडघे छातीशी आले. ते हलले, सरकले, कसेबसे तिरके झाले.

"काय गं," ते म्हणाले, "आम्ही बसायचं कुठे?"

"माळ्यावर दोन खुर्च्या आहेत. काढून घे."

दादांनी मान वर करून बघितलं, मग बहिणीकडे. इंचीच्या आईने इंचीचा हात घट्ट धरला.

"राहू दे," दादा म्हणाले, आणि कोचावरून घसरून सरळ जमिनीवर बसले, पाय लांब पसरून. "इथे बरंय."

वकीलबाई चहा करायला गेल्या. ओटा खोलीतूनच दिसत होता. त्यांनी भांडं ठेवलं, पाणी घेतलं, हात लांबवून साखर काढली, बोलता बोलता मागच्या मैत्रिणीला काहीतरी खोचक उत्तर दिलं, आणि गॅस बारीक केला. कुठे चढल्या नाहीत, कुठे उतरल्या नाहीत. दादा जमिनीवरून ते बघत होते. त्यांचा चहा आला तेव्हा त्यांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"मी चुकलो," असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या पिढीची माणसं तसं म्हणत नाहीत. ते म्हणाले, "साखर जास्त झालीये."

"तुझ्याच घरी शिकले," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी, त्या पहिल्या खुर्चीत बसल्या. भावाचं डोकं आणि बहिणीचं डोकं बरोबर एका पातळीत आलं.

घराचे फोटो कुणीतरी काढले, ते फिरत फिरत सरांपर्यंत पोचले. एक दिवस त्यांचा फोन आला. आवाजात जुनाच उत्साह होता. घरांच्या सजावटीची मोठी स्पर्धा होती म्हणे, परीक्षकांना असं काही वेगळं हवं होतं. घर फर्मच्या नावाने पाठवू, सुरुवातीचं काम तर आपल्याकडेच झालं होतं. आणि इंचीने परत यावं, आता स्वतंत्र केबिन देऊ.

इंची तेव्हा मिस्त्रींच्या शेडच्या एका कोपऱ्यात बसत होती. कामं फारशी नव्हती. एका संगीतशिक्षकांचं टेबल होतं, ज्यांचा उजवा हात कोपरापासून नव्हता, आणि एका आजोबांचा पलंग, एवढंच. पावलोपावली भुसा, आणि दुपारी पत्रा असा तापायचा की डोकं भणभणायचं. केबिन म्हटल्यावर क्षणभर तिच्या डोळ्यांसमोर थंड हवा आणि स्वच्छ काच आली. खोटं कशाला बोला.

"सर, घर वकीलबाईंचं आहे," ती म्हणाली. "नाव कुणाचं लावायचं ते त्यांनाच विचारा. मी नंबर देते."

"नंबर आहे माझ्याकडे," सर जरा घाईने म्हणाले. "त्यांना कशाला त्रास?"

"मग माझं उत्तर सांगते. मी येणार नाही. आणि सुरुवातीचं काम तुमच्याकडे झालं नव्हतं. ते त्यांच्या भाड्याच्या घरात झालं, त्या चहा करत होत्या तेव्हा."

तिने फोन ठेवला. सरांचा मोठा आवाज फोनबाहेर येत होता, त्यामुळे मिस्त्रींनी सगळं ऐकलं होतं, तरी न ऐकल्यासारखं करून ते पटाशीला धार लावत होते.

"स्वतंत्र केबिन देत होते का हो?" शेवटी त्यांना राहवलं नाही.

"हो."

"पंखा असेल तिथे."

"एसी असतो."

मिस्त्रींनी उसासा टाकला. "मग निदान तो मास्तरांच्या टेबलाचा पाय तरी धरा नीट. कधीचा हलतोय."

इंचीने गळ्यातली टेप मागे टाकली आणि पाय धरला.